सुपरमॅनच्या पहिल्या मुखपृष्ठाचे विडंबन : मोटारीच्या जागी स्कूटर, पण पळणाऱ्या माणसाचे काय करावे?

रेघोटी (धागाकर्ती)

नमस्कार. गेले तीन आठवडे मी एका चित्रात अडकले आहे, आणि आता ते एकटीने सुटेल असे वाटत नाही म्हणून येथे मांडते. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाचे, म्हणजे ज्यावर जून १९३८ असा महिना छापलेला आहे त्या मुखपृष्ठाचे, विडंबन मला काढायचे आहे. बहुतेकांनी ते कुठे ना कुठे पाहिलेले असते, तरीही चर्चा नेमकी व्हावी म्हणून शब्दांत सांगते. निळ्या घट्ट पोशाखातल्या, लाल केप घातलेल्या एका माणसाने हिरवी मोटार डोक्यावर उचलली आहे आणि तिचे नाक तो उजवीकडच्या खडकावर आपटतो आहे. मोटारीचे तुकडे उडत आहेत. एक जण मागे पळतो आहे, एक जण जमिनीवर हातापायांवर आला आहे, आणि डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, जवळजवळ कागदाच्या बाहेर आपल्या अंगावर येईल असा, दोन्ही हातांनी डोके धरून ओरडत पळणारा तिसरा माणूस आहे. मागे भडक पिवळा रंग.

माझी कल्पना एवढीच आहे की त्या बलदंड माणसाच्या जागी टोइंगच्या टेम्पोवरचा तरुण असावा आणि हिरव्या मोटारीच्या जागी हिरवी स्कूटर असावी. आमच्या शहरातल्या बाजारपेठेत हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिले आहे. दोन तरुण टेम्पोतून उडी मारतात, हँडल आणि मागची कडी धरतात, आणि आपण चहाचा कप खाली ठेवेपर्यंत स्कूटर वर गेलेली असते. माझ्या चित्रातला तरुण एकटाच ती उचलतो, एवढी अतिशयोक्ती मी घेतली आहे. खडकाच्या जागी टेम्पोचा उघडा फाळका आहे. उडणाऱ्या तुकड्यांच्या जागी सीटखालची डिकी उघडी पडून त्यातून सांडणाऱ्या वस्तू आहेत, म्हणजे मेथीची जुडी, रेनकोट, विम्याचे कागद आणि एक डबा. केपच्या जागी पावसाळ्यात अंगावर घेतात ती लाल प्लॅस्टिकची खोळ आहे, गळ्याशी गाठ मारलेली आणि मागे उडणारी.

येथवर सगळे जमले. अडचण त्या डोके धरून पळणाऱ्या माणसाची आहे. मी त्याला स्कूटरचा मालक केले. पेन्सिलचे काम पूर्ण झाल्यावर घरी दाखवले, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "पण हा पळून कुठे चालला आहे? स्कूटर तर मागे आहे." प्रश्न अगदी बरोबर आहे. आपली गाडी उचलली जात असताना कोणीही तिच्याकडे पाठ फिरवून पळत नाही, तो टेम्पोच्या मागे धावतो. म्हणून मी त्याला उलटा फिरवून पाहिला. आता तो पाठमोरा, स्कूटरकडे धावणारा झाला. प्रसंग खरा झाला, पण चित्र मेले. मूळ मुखपृष्ठ कोणाच्याही लक्षात येईना. मग त्याला पुन्हा आपल्याकडे वळवला, तर प्रसंग खोटा पडला.

ट्रेसिंग पेपरवर आतापर्यंत अकरा प्रकार करून झाले आहेत. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली ही की विडंबनात मूळ चित्राचा कोणता भाग हलवता येतो आणि कोणता येत नाही. दुसरी ही की त्या माणसाला आपल्या दिशेने पळत ठेवायचे असेल, तर तो का पळतो आहे?

पाटीवरचा_खडू

मी शाळेत चित्रकला शिकवत असे, त्यामुळे थोडे लांबण लागले तर सांभाळून घ्यावे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मूळ चित्राच्या हाडांत आहे. मुखपृष्ठावर एक पातळ कागद ठेवा आणि फक्त मोठ्या रेषा काढा. चेहरे नकोत, कपडे नकोत. मोटारीची तिरपी रेषा उजवीकडे खाली उतरते. तिला तोलून धरणारी उभी रेषा म्हणजे त्या माणसाचे शरीर आहे. आणि तिसरी हालचाल डावीकडे खाली, कागदाबाहेर जाणारी, ती पळणाऱ्या माणसाची. मोटार एका बाजूला आदळते आणि माणूस दुसऱ्या बाजूला फुटून बाहेर पडतो, म्हणून मध्ये स्फोट झाल्यासारखे वाटते. तुम्ही त्या माणसाला उलटा फिरवलात तेव्हा तिन्ही रेषा आतल्या बाजूला वळल्या. सगळे आत ओढले गेले की स्फोट कसला राहणार?

दुसरे कारण त्याच्या चेहऱ्याचे आहे. त्या चित्रात आपल्याशी थेट बोलणारा चेहरा तोच आहे. मधला माणूस आपल्या कामात आहे आणि त्याला आपली दखलही नाही. भीती आपल्यापर्यंत पोहोचवण्याचे काम त्या कोपऱ्यातल्या माणसाकडे आहे. तो पाठमोरा केला तर चित्रात फक्त वजन उचलण्याचा प्रयोग उरतो.

मराठी वाचकांना समजेल असा दाखला द्यायचा तर विडंबन कवितेचा देतो. केशवकुमारांनी 'झेंडूची फुले'मध्ये भल्या भल्या कवींची फिरकी घेतली, पण वृत्ताला आणि शब्दकळेच्या डौलाला धक्का लावला नाही. वृत्त मोडले असते तर कोणाची फिरकी घेतली जात आहे हेच कळले नसते. चित्राचे वृत्त म्हणजे त्याची रचना. वस्तू बदला, माणसे बदला, कपडे बदला, पण त्या तीन रेषांना हात लावू नका.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही.

जुना_अंक

धागा वाचून आनंद झाला. हे मुखपृष्ठ कसे तयार झाले हे लक्षात घेतले तर कदाचित उपयोग होईल.

जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी सुपरमॅन मुळात वृत्तपत्रातल्या चित्रपट्टीसाठी तयार केला होता, आणि अनेक ठिकाणी तो नाकारला गेला होता. अखेरीस पुस्तकासाठी मागणी आली तेव्हा त्यांनी त्याच पट्ट्या कापून, चिकटवून तेरा पानांची कथा केली. पानाला १० डॉलर या दराने १३० डॉलर मिळाले आणि त्याच सहीने पात्राचे हक्कही गेले. मुखपृष्ठासाठी वेगळे काही सुचवलेले नव्हते. संपादक व्हिन सुलिव्हन यांनी कथेच्या आतलीच एक चौकट निवडली आणि तिच्यावरून मुखपृष्ठ झाले. म्हणजे हे चित्र मुळात कथेच्या मधला एक क्षण आहे, आणि तो आगापिछा काढून टाकून एकटाच बाहेर मांडला आहे.

आतल्या कथेत या क्षणाचा खुलासा आहे. बुच नावाचा एक गुंड नाचाच्या ठिकाणाहून वार्ताहर लोइस लेनला जबरदस्तीने मोटारीत घालून नेतो. सुपरमॅन मोटार गाठतो, ती उचलून आतली माणसे झटकून बाहेर पाडतो आणि मग रिकामी मोटार फोडतो. म्हणजे मुखपृष्ठावर घाबरून पळणारे लोक हे निरपराध वाटसरू नाहीत, ते गुंड आहेत. पण दुकानाच्या मांडणीवर ते पुस्तक पाहणाऱ्या मुलाला हे कसे कळावे? मुखपृष्ठावर सुपरमॅन हे नावसुद्धा नाही. मासिकाचे नाव, अंक, महिना आणि १० सेंट ही किंमत, एवढाच मजकूर आहे. विचित्र कपड्यांतला एक माणूस लोकांची मोटार फोडतो आहे आणि लोक जीव घेऊन पळत आहेत. आज आपल्याला तो नायक आहे हे माहीत असते, म्हणून ते चित्र आपण नीट पाहतच नाही. प्रकाशकालाही ते चित्र भलतेच वाटले होते असे सांगतात. काही असो, पुढचे पाच अंक त्याला मुखपृष्ठावर जागा मिळाली नाही, तो पुन्हा दिसला तो थेट सातव्या अंकावर.

माझ्या मते तुमची कल्पना या कारणासाठी चांगली आहे. टोइंगवाला नायक की खलनायक हे तुमची स्कूटर कुठे उभी आहे त्यावर ठरते. रस्ता अडलेल्या रिक्षावाल्यासाठी तो देवदूत आणि औषध घ्यायला पाच मिनिटे थांबलेल्या माणसासाठी तो दरोडेखोर. मूळ चित्रातला संशय तुमच्या चित्रात आपोआप येतो.

निळी_पेन्सिल

वरील सर्व मान्य करूनही एक शंका नोंदवते. हे विडंबन आहे का? विडंबनात मूळ कृतीची गंमत केली जाते. येथे गंमत टोइंगची होते आहे आणि सुपरमॅनचे मुखपृष्ठ फक्त खुंटीसारखे वापरले आहे. खुंटीवर आज स्कूटर टांगली, उद्या गॅसचा सिलिंडर टांगता येईल. असे शेकडो प्रकार लोकांनी या मुखपृष्ठाचे केले आहेत, आणि बहुतेकांत मोटारीच्या जागी दुसरी वस्तू एवढीच करामत असते.

मूळ कृतीवरच नेम धरणाऱ्या विडंबनाचे उत्तम उदाहरण म्हणजे 'मॅड' या अमेरिकी विनोदी नियतकालिकाच्या चौथ्या अंकात, १९५३ साली, हार्वी कर्ट्झमन यांनी लिहिलेली आणि वॉली वुड यांनी काढलेली 'सुपरड्युपरमॅन' ही कथा. तिथे सुपरमॅनच्या बढाईची, त्याच्या दुहेरी आयुष्यातल्या खोटेपणाची आणि प्रकाशकांच्या आपसांतल्या कज्ज्यांचीसुद्धा चेष्टा आहे. त्या मोजमापाने तुमच्या चित्राकडे पाहिले तर सुपरमॅनला एक ओरखडाही पडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला जास्त टोचते. टेम्पोवरची ही मुले रोजंदारीवर असतात. पावती दुसरा कोणी फाडतो आणि शिव्या ही मुले खातात. त्यांच्या अंगावर केप घालून हसणे थोडे स्वस्त आहे असे वाटते.

रेघोटी

@निळी_पेन्सिल, दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर आधी देते, कारण तो मलाही टोचत होता.

पहिल्या कच्च्या रेखाटनात मी त्या तरुणाला राक्षसी हसू दिले होते. मूळ चित्र मोठे करून पाहिल्यावर ते पुसून टाकले. सुपरमॅनच्या चेहऱ्यावर तिथे विजयाचा आनंद नाही आणि श्रमाचा ताणही फारसा नाही, एक काम उरकायचे आहे एवढाच भाव आहे. आता माझ्या तरुणाचा चेहराही तसाच आहे. विनोद त्याच्यावर होत नाही, त्याच्याभोवती जो गोंधळ उडतो त्यावर होतो. शिवाय पहिल्या अंकातला सुपरमॅन पुढच्या सुपरमॅनसारखा आकाशातून ग्रह सरकवणारा नव्हता. त्या तेरा पानांत तो फाशीच्या, म्हणजे विजेच्या खुर्चीच्या, दाराशी पोहोचलेल्या निरपराध बाईला वाचवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि एका भ्रष्ट सिनेटरच्या मागे लागतो. त्याला तिथे पीडितांचा कैवारी म्हटले आहे. त्याचा पोशाखही सर्कशीतल्या पहिलवानांवरून घेतलेला, कसरतीच्या घट्ट कपड्यांवर चड्डी असा. म्हणजे अंगमेहनतीने पोट भरणाऱ्यांचा पोशाख. रोज ऐंशी स्कूटरी उचलणारा मुलगा त्या पोशाखाला परका नाही.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी अर्धीच सहमत आहे. मूळ चित्रात नायक आणि गुंड यांतला फरक दिसत नाही, ही त्या चित्राची गोष्ट आहे, माझी नाही. माझे चित्र पाहून कोणाला मूळ मुखपृष्ठाकडे परत जाऊन "अरे, हा माणूस नक्की करतो काय आहे?" असा प्रश्न पडला, तर तो ओरखडा मला पुरेल. सिलिंडर टांगून हे होणार नाही, कारण सिलिंडर उचलणाऱ्याला कोणी घाबरत नाही.

पळणारा माणूस अजून तसाच लटकलेला आहे.

जुना_अंक

एक तांत्रिक सूचना राहिली होती. तुम्ही जे कच्चे चित्र जोडले आहे त्यात उजव्या कोपऱ्यात कॉमिक्स कोडचा, म्हणजे अमेरिकी कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःसाठी केलेल्या नियमावलीचा, शिक्का काढलेला दिसतो आणि डाव्या कोपऱ्यात पात्राचा छोटा चौकोन. दोन्ही काढून टाका. कोडचा शिक्का १९५४ नंतरचा आहे आणि कोपऱ्यातला चौकोन ही साठच्या दशकातली मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशकाची पद्धत आहे. १९३८ च्या मुखपृष्ठावर ते असणे म्हणजे पेशव्यांच्या दरबारात टेलिफोन.

तसेच सगळ्या रंगात मोठे ठिपके भरण्याचा मोह आवरा. जुने कॉमिक म्हटले की हल्ली प्रत्येक जण संगणकावर ठिपक्यांची जाळी चढवतो. आतली पाने हलक्या वृत्तपत्री कागदावर छापलेली असत, तिथे ठिपके उठून दिसतात. मुखपृष्ठ मात्र जास्त चांगल्या, गुळगुळीत कागदावर असे आणि त्याची छपाईही अधिक काळजीने होई. मुखपृष्ठाच्या विडंबनाला आतल्या पानाची छपाई चढवणे हा घोटाळा आहे.

पाटीवरचा_खडू

ठिपक्यांबाबत सहमत. रंगांच्या संख्येबाबत थोडे जोडतो. पुढच्या काही दशकांत अमेरिकी कॉमिक्सच्या रंगकामात निळा, किरमिजी आणि पिवळा या तीन शाया प्रत्येकी चारच पायऱ्यांत वापरत, म्हणजे अजिबात नाही, पाव, निम्मी आणि पूर्ण. चार गुणिले चार गुणिले चार असे ६४ मेळ होतात, त्यांत कोरा कागदही आला. तेवढ्यातच सगळे आकाश, सगळी कातडी आणि सगळ्या मोटारी बसवायच्या. तुमच्या मेथीच्या जुडीला तुम्ही पाच हिरवे रंग दिले आहेत. एक ठेवा, आणि तोही स्कूटरचाच.

रेषेबद्दलही हेच. शूस्टर यांची रेषा साधी आणि ठसठशीत आहे. तुम्ही स्कूटरच्या चाकावर, आरशावर, क्लचच्या तारेवर बारीक निबने इतके काम केले आहे की नजर तिथेच अडकते. तो भाग ब्रशने, थोड्या जाड रेषेने पुन्हा करा. स्कूटर ओळखू येण्यासाठी पुढचा पत्रा, दोन लहान चाके आणि हँडल पुरे आहेत.

मात्रावेलांटी

मी पाट्या रंगवण्याचा व्यवसाय करतो, म्हणून अक्षरांबद्दल बोलतो. धागाकर्तीने मथळ्याच्या जागी 'ॲक्शन कॉमिक्स' असेच देवनागरीत लिहिले आहे. ते नीट बसत नाही, आणि त्याचे कारण लिपीत आहे. रोमन मोठी अक्षरे सगळी एका उंचीची, विटांसारखी असतात. त्यांना फुगवून, तिरपी करून, मागे सावली जोडून जाड भिंत उभी करता येते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, चंद्र, वेलांटी आणि खाली उकार. 'ॲक्शन'मध्ये वर चंद्र लोंबतो, मध्ये जोडाक्षर येते, 'कॉमिक्स'मध्ये पुन्हा चंद्र, वेलांटी, जोडाक्षर. भिंत होत नाही, कुंपण होते.

नावच बदला. मी 'उचलबांगडी' सुचवतो. अर्थ तर तुमच्या चित्राचाच आहे, हातपाय धरून अधांतरी उचलून नेणे, आणि सरकारी बदलीसाठीही आपण तोच शब्द वापरतो. अक्षरांच्या दृष्टीने तो सोन्यासारखा आहे. एकही जोडाक्षर नाही. खाली एकही उकार लोंबत नाही, त्यामुळे खालची कड सरळ ठेवून तिच्या लगेच खाली स्कूटरचे मागचे चाक आणता येईल. वर फक्त 'बां'वरचा अनुस्वार आणि शेवटच्या 'डी'ची वेलांटी. ती वेलांटी शिरोरेषेवरून वळून खाली येते ना, तिला क्रेनच्या आकड्याचे टोक द्या. शिरोरेषा म्हणजे क्रेनचा दांडा. यापुढे काही सजावट करू नका.

निळी_पेन्सिल

'उचलबांगडी' या नावाने माझा विरोध निम्मा मावळला, हे प्रांजळपणे लिहिते. आता हे चित्र दुसऱ्या कोणत्याही भाषेत होणार नाही.

पोटकलम

थोडे रूक्ष बोलतो. हे चित्र फक्त येथे दाखवणार असाल तर वेगळे आणि त्याचे टी-शर्ट छापून विकणार असाल तर वेगळे. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी उपयोग, टीका, समीक्षा अशा कारणांसाठी न्याय्य वापराला मोकळीक आहे, परंतु त्यात विडंबन असा शब्द नाही. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एका गाण्याच्या विडंबनाच्या खटल्यात व्यापारी विडंबनही न्याय्य वापर ठरू शकते असे म्हटले, आणि त्या चर्चेत विडंबन मूळ कृतीवर काही भाष्य करते का, हा निळी_पेन्सिल यांनी विचारलेला प्रश्नच महत्त्वाचा मानला गेला. म्हणजे त्यांची शंका केवळ सौंदर्यशास्त्राची नाही. मूळ अंकाचा अमेरिकेतला प्रताधिकार २०३३ च्या अखेरीस संपतो; चिन्हांवरचे व्यापारचिन्हाचे हक्क मात्र त्याने संपत नाहीत. छातीवरचा तो 'एस' तुमच्या तरुणाच्या छातीवर असेल तर काढा.

रेघोटी

तो काढलेलाच आहे. तेथे आता बनियनवरचे पिवळे चकाकते जाकीट आहे आणि त्याच्या मधोमध चमकदार पट्ट्यांचा त्रिकोण झाला आहे. विकण्याचा विचार नाही. मूळ अंकाच्या एका प्रतीला २०२४ मध्ये ६० लाख डॉलर मिळाले. माझ्या प्रतीला घरच्या फ्रिजवर लोहचुंबक मिळाले तरी खूप झाले.

बारा_नंबर_बस

मी चित्रकार नाही, फक्त वाचक आहे आणि बाजारपेठेत माझे कापडाचे दुकान आहे. सगळे प्रतिसाद वाचले. मला तुमचा दुसरा प्रश्न कळला, पण तो प्रश्न का आहे हे कळले नाही.

टोइंगचा टेम्पो आमच्या गल्लीत वळला की काय होते ते सांगतो. कोणीतरी कोपऱ्यावरून ओरडतो, "टोइंग आली!" त्या क्षणी दुकानातली गिऱ्हाइके हातातली साडी टाकून बाहेर पळतात. ज्याची गाडी उचलली जात असते तो तर बहुतेक वेळा तेथे नसतोच; तो आत कुठेतरी माप देत असतो. रस्त्यावर जे पळत असतात ते सगळे इतर लोक असतात, आणि ते टेम्पोकडे पळत नाहीत. ते टेम्पोपासून लांब, आपापल्या गाडीकडे पळतात. टेम्पो तिथवर पोहोचायच्या आत ती हलवायची असते. डोक्याला हात लावलेला असतो, कारण गाडी कुठे लावली हेच आठवत नसते.

तेव्हा तुमचा कोपऱ्यातला माणूस स्कूटरचा मालक नाहीच. त्याची स्कूटर चित्राच्या बाहेर, चित्र पाहणारा जिथे उभा आहे तिथे लावलेली आहे.

पाटीवरचा_खडू

मी हे तीनदा वाचले. तीस वर्षे रचना शिकवली, पण चौकटीबाहेर स्कूटर लावायचे सुचले नाही.

जुना_अंक

आणि हे मूळ चित्रालाही लागू पडते. तो माणूस कशापासून पळतो हे सगळे सांगतात. कुठे पळतो हे मी आजवर कोणाला विचारताना ऐकले नव्हते.

निळी_पेन्सिल

उरलेला निम्मा विरोधही मागे घेते. पाहणाराही नो पार्किंगमध्येच उभा आहे, हे आवडले.

रेघोटी

@बारा_नंबर_बस, तुमचे आभार कसे मानावे ते कळत नाही. काल रात्री बाराव्यांदा ट्रेसिंग पेपर लावला आणि पळणाऱ्या माणसाची मूळची जागा, मूळचा कोन, मूळचे उघडे तोंड सगळे जसेच्या तसे परत आणले. फक्त डोके धरलेल्या त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीत किल्ली अडकवली. बाकी एक रेषासुद्धा हलवावी लागली नाही. जमिनीवर हातापायांवर आलेल्या माणसाचेही आपोआप भागले. त्याची किल्ली पडली आहे आणि तो ती दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीखाली शोधतो आहे. मागे पळणाऱ्याच्या खांद्यावर अर्धवट उलगडलेली साडी टाकली आहे, ती तुमच्या दुकानातली समजा.

मथळा 'उचलबांगडी' झाला आहे आणि वेलांटीचा आकडा छान बसला. शिक्का आणि चौकोन काढले, मेथी एका हिरव्यावर आणली. अंकाचा क्रमांक १ ठेवला आहे. किंमतीच्या जागी काय लिहावे हे ठरत नव्हते, तेव्हा १० सेंटच्या जागी 'पावती मिळेल' असे लिहिले आहे.

शाई अजून ओली आहे. ब्रशने स्कूटर करताना पुढच्या पत्र्यावर एक थेंब पडला. तो खरवडण्याऐवजी तिथे पोचा काढला आहे.

बारा_नंबर_बस

साडी नारायणपेठी असेल तर काठ रुंद काढा. आणि पोचा राहू द्या. आमच्या गल्लीत पोचा नसलेली स्कूटर मी पाहिलेली नाही.